वहीतले सगळे आकडे एकाच पेनाने लिहिलेले दिसले तर

माझ्या लेकीला टाइप वन डायबिटीस असल्याचं कळलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आज सतराची आहे. इन्सुलिन कसं टोचायचं, पोळीत किती कर्बोदकं आणि भातात किती, शुगर लो झाली तर काय द्यायचं, हे सगळं आम्हाला डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी नीट शिकवलं. पण तेराव्या वर्षी ती आतून किती थकली होती हे ओळखायला मला जवळजवळ आठ महिने लागले. तेही एका वहीमुळे.

रविवारची रात्र होती. भांडी आवरून मी तिची शुगरची वही चाळत होते. तीन आठवड्यांचे आकडे एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत लिहावेत तसे ओळीने लिहिलेले. ११०, १२५, १३०, १२०. ओट्याशी उभ्या उभ्याच ग्लुकोमीटरची मेमरी उघडली. त्या तीन आठवड्यांत मीटरमध्ये फक्त सहा रीडिंग होती आणि त्यांतली चार ३०० च्या वर. मी तिला झोपेतून उठवून विचारलं, “खोटं लिहितेस?” ते दोन शब्द मला आजही परत घ्यावेसे वाटतात. “दोनशे ऐंशी आलीय” असं ऐकल्यावर माझा चेहरा कसा पडतो, तो तिला बघायचा नव्हता. एवढ्यासाठी तिने अख्खी वही भरली होती.

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या आपल्या पट्ट्यात ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय, किंवा लहानपणी निदान झालेलं मूल आता बारा-तेराचं होतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, आई आहे. डोस कमी-जास्त करण्याबद्दल इथे काही सापडणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पहिली पायरी: आधी शुगर बघा, पण ती सबब होऊ देऊ नका

मूल अचानक चिडलं, रडायला लागलं, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागलं, तर सगळ्यात आधी शुगर तपासा. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, भूक यांच्याबरोबर राग आणि गोंधळही येतो. अशा वेळी साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मनाचं बोलणं त्यानंतर. शुगर बराच वेळ वर राहिली तरी मूल मरगळतं, किरकिरं होतं. रात्री चार वेळा लघवीला उठलेल्या मुलाला सकाळी गणित कसं सुचणार?

पण याची एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. आमच्या घरात प्रत्येक भांडणात मी म्हणायचे, “आधी शुगर बघ.” एकदा तिने मुकाट्याने तपासली, १३८ आली आणि मीटर माझ्यासमोर धरून म्हणाली, “बघ. मी खरंच चिडलेय.” तेव्हापासून आमच्याकडे असं ठरलं की शुगर तपासायला सांगायचं ते हळू आवाजात, आणि आकडा ठीक आला तर समोरची खुर्ची ओढून बसायचं आणि ऐकायचं.

दुसरी पायरी: मूल बोलत नसेल तर त्याची रोजची कामं बघा

तेरा-चौदाची मुलं “काही नाही” यापलीकडे फारसं सांगत नाहीत. पण टाइप वनच्या मुलाला दिवसातून अनेक वेळा तपासावं लागतं, मोजावं लागतं, टोचावं लागतं. मन थकलं की त्याचा पहिला परिणाम या कामांवर दिसतो, बहुतेकदा रडण्याच्याही आधी.

वहीचं सांगितलंच. शून्याने किंवा पाचाने संपणारे आकडे एका रांगेत आले की जरा थांबा. खरी शुगर अशी शहाण्यासारखी वागत नाही. ती ९३ येते, २१७ येते.

मग मीटरमध्ये घालायच्या स्ट्रिप मोजा. ५० स्ट्रिपची डबी, रोज चार वेळा तपासणं असेल तर साडेबारा दिवसांत संपायला हवी. ती महिनाभर पुरली तर उरलेल्या वेळा तपासणं झालेलंच नाही.

इन्सुलिनचाही हिशोब करता येतो. इन्सुलिन टोचायच्या पेनातल्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. समजा जेवणाआधीचं इन्सुलिन दिवसभरात ८, १० आणि ८ असं २६ युनिट लागतं, आणि दर वेळी सुई तपासायला २ युनिट सोडले जातात. म्हणजे दिवसाला ३२. एक कार्ट्रिज नऊ दिवसांच्या आसपास जाते. एक तारखेला लावलेली अठरा तारखेलाही चालू असेल तर काही डोस चुकताहेत. यासाठी पाळत ठेवावी लागत नाही. उघडलेलं इन्सुलिन साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायचं असतं, त्यामुळे कार्ट्रिज लावली की त्यावर बारीक अक्षरात तारीख घालायची सवय सगळ्यांनीच ठेवावी. (आपल्याकडच्या मे महिन्यात तर ठेवावीच.) ती तारीख मुलाच्या हातूनच लिहून घ्या.

अंगावर शुगर मोजणारा, आकडे फोनवर दाखवणारा सेन्सर लावला असेल तर फोन वारंवार “चुकून” घरी राहणं, सेन्सर सारखा निघून येणं, अलार्म बंद करून ठेवणं, हे बघा. पाहुणे गेल्यावर मग टोचू, असं म्हणून डोस पुढे ढकलणं. सोसायटीच्या किंवा क्लासच्या टॉयलेटमध्ये जाऊन घाईत टोचणं. दप्तराच्या तळाशी चॉकलेटचे कागद सापडणं. यातलं एखादं कधीतरी घडलं तर तो मुलांचा नेहमीचा आळस म्हणून सोडून द्या. दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या आणि दोन-तीन आठवडे टिकल्या, तर लक्ष द्या.

एक लक्षण अगदी उलट्या बाजूने येतं, म्हणून ते पटकन कळत नाही. मूल मुद्दाम शुगर वर ठेवतं, कारण त्याला लो होण्याची भीती बसलेली असते. माझी लेक ट्रान्स-हार्बरच्या गाडीत रबाळे आणि ऐरोलीच्या मध्ये एकदा लो झाली. गाडी भरलेली होती, हात थरथरत असल्यामुळे दप्तराची चेन उघडेना, शेजारच्या काकूंनी ग्लुकोजचा पुडा फोडून दिला. त्यानंतर कित्येक दिवस ती प्रवासाआधी न सांगता काहीतरी खायची आणि डोस कमी घ्यायची. मी तिला खाण्यावरून बोलत राहिले. भीतीबद्दल विचारलं असतं तर डॉक्टरांशी बोलून प्रवासाच्या दिवसाचं नियोजन केव्हाच बदलून घेता आलं असतं. नंतर केलं तसंच. आता ग्लुकोज दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात असतं. त्या कप्प्याला चेन नाही.

आणि एका गोष्टीत वाट बघू नका. वजन उतरतंय, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्तचाचणी) चढतंय, मूल आरशासमोर जास्त वेळ घालवतंय, जेवणावरून सारखं स्वतःला दोष देतंय. वजन कमी व्हावं म्हणून काही मुलं इन्सुलिन टाळतात. हे मुलींमध्ये जास्त बोललं जातं, पण मुलगेही करतात. इथे घरगुती समजावणीवर भिस्त ठेवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.

हे सगळं वाचून मुलाकडे संशयाने बघायला लागण्याआधी एक गोष्ट लक्षात असू द्या. वयात येताना वाढीचे आणि लैंगिक हॉर्मोन्स इन्सुलिनचा असर कमी करतात, डोस वाढवावे लागतात. परीक्षेच्या ताणानेही शुगर चढते. मुलाने सगळं मनापासून केलं तरी या वर्षांत २५० दिसू शकतात. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोतल्या लेनर्ड थॉमसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. शंभर वर्षांत औषध, सुया, यंत्रं सगळं बदललं, पण चौदावं वर्ष या आजारात अजूनही अवघडच आहे.

तिसरी पायरी: डायबिटीसचा शीण की नैराश्य, हे वेगळं करा

आजाराच्या रोजच्या कटकटीने येणाऱ्या या शिणाला इंग्रजीत ‘डायबिटीस डिस्ट्रेस’ म्हणतात. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजायची प्रश्नावली मांडली. किशोरवयीन मुलांमध्ये साधारण तिघांत एकाला हा शीण जाणवण्याइतका असतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे तुमचं मूल काही जगावेगळं वागत नाहीये.

ओळखायची माझी साधी खूण अशी: मीटर दिसला की चेहरा उतरतो, “किती आली?” विचारलं की दार आपटतं, पण उपवनला मित्रांबरोबर गेलं की तेच मूल खिदळतं, क्रिकेटसाठी पहाटे उठतं. तर बहुतेक शीण आहे. आजाराचं ओझं थोडं वाटून घेतलं, बोलायची पद्धत बदलली, की तो उतरू लागतो.

नैराश्यात मित्रही नकोसे होतात. आवडीची चित्रकला सुटते, झोप फार वाढते किंवा उडते, भूक बदलते, मार्क घसरतात, “माझ्यामुळे तुमचा खर्च होतो”, “मी कशालाच उपयोगाची नाही” अशी वाक्यं येतात. डॉक्टर वापरतात त्या नऊ प्रश्नांच्या चाचणीतही मागच्या दोन आठवड्यांचं विचारतात. तुम्हीही तोच हिशोब धरा: दोन आठवडे बहुतेक दिवस असं चाललंय का? मुलग्यांत हे सगळं पुष्कळदा रडण्याऐवजी रागातून बाहेर पडतं. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. ठरवता आलं नाही तर ठरवत बसू नका, दाखवून घ्या.

चौथी पायरी: विचारायचं कसं

समोरासमोर बसवून नाही. तशी बैठक मुलांना मुख्याध्यापकांच्या केबिनसारखी वाटते. शेजारी शेजारी चालताना, स्कूटरवर, रिक्षात, भाजी निवडताना विचारा. आमचं बोलणं तलावपाळीच्या फेरीत झालं. दोन फेऱ्या ती गप्प होती. तिसऱ्या फेरीत गडकरी रंगायतनसमोर म्हणाली, “आई, मला एक दिवस सुट्टी हवीय. फक्त एक.”

माझ्या तोंडावर आलं होतं, “अगं, यात सुट्टी नसते.” ते मी गिळलं. म्हटलं, “कशापासून सुट्टी मिळाली तर सगळ्यात बरं वाटेल?” तिने उत्तर तयारच ठेवलं होतं. रात्रीचं इन्सुलिन. दिवसभर सगळं तीच करायची, निदान झोपताना तरी कुणीतरी दुसऱ्याने लक्षात ठेवावं, असं तिला वाटत होतं. त्या रात्रीपासून रात्रीचा डोस मी देऊ लागले. मोठी झालीय, आता स्वतःचं स्वतः करायला हवं, या हौसेपोटी आपण सगळी जबाबदारी एकदम मुलांच्या अंगावर टाकतो. एखादं काम परत आपल्याकडे घेतल्याने मूल बिघडत नाही. दहावीच्या वर्षी तर नक्कीच घ्या.

विचारायला काही वाक्यं देते. “डायबिटीसमधलं सगळ्यात जास्त काय डोक्यात जातं?” “मी काय बोलते तेव्हा तुला राग येतो?” “हल्ली टोचायचा कंटाळा येतो का? येत असेल तर मी चिडणार नाही.” शेवटचं वाक्य म्हटलंत तर पाळावं लागेल. एकदा चिडलात की पुढचे सहा महिने वही पुन्हा एकाच पेनाने लिहिली जाईल.

“परत तीनशे? काय खाल्लंस?” हे मात्र बंद करा. शुगरला ‘चांगली’, ‘वाईट’ म्हणणंही सोडा, कारण मूल ते स्वतःबद्दल ऐकतं. वर आहे, खाली आहे, ठीक आहे, एवढं पुरतं. आणि दुपारी घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न शुगरचा नको. आधी पाणी, मग डब्यात काय उरलं, मैत्रिणीशी भांडण मिटलं का, आणि मग मीटर.

नातेवाईकांचंही बघावं लागतं. गणपतीत उकडीचा मोदक हातात घेतला की चार जणी एकदम विचारतात, “तुला चालतो?” डोसाचं गणित येत असेल तर चालतो. “गोड फार खायची का लहानपणी?” याचं उत्तर नाही असं आहे: टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, साखर खाण्याशी त्याचा संबंध नाही. आणि सगळ्यात खोल लागतं ते हे: “कुणाला सांगू नका हं, उद्या लग्नाचं बघायचंय.” चौदा वर्षांच्या मुलीला त्यातून एवढंच कळतं की आपल्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे. अशा वेळी मुलीच्या देखत बोला. नंतर खोलीत नेऊन समजूत घालण्याला तेवढी किंमत नसते.

पाचवी पायरी: ज्या गोष्टींना थांबायचं नाही

“मी नसले तर बरं होईल”, “कंटाळा आलाय जगायचा” असं काही ऐकू आलं तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने असा विचार मनात येत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने मुलाला हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल किंवा मूल नुसतं गप्प राहिलं, तर त्याला एकटं सोडू नका. घरातल्या इन्सुलिनचा साठा आणि पेनं मोठ्यांच्या ताब्यात ठेवा, प्रत्येक डोस तुमच्या समोर होऊ द्या आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

जास्त इन्सुलिन घेतल्याची शंका आली तर जाब विचारण्यात वेळ घालवू नका. शुगर तपासा, शुद्धीत असेल तर साखर द्या, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, इन्सुलिनचा परिणाम कित्येक तास राहू शकतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

डोस टाळल्याची बाजूही तितकीच तातडीची आहे. उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोरात चालणारा श्वास, तोंडाला फळासारखा वास, ही कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं, वाढल्याची लक्षणं आहेत. ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबूपाणी देत बसायची ही वेळ नाही. लगेच दवाखाना.

सहावी पायरी: आपल्या भागात कुणाकडे जायचं

सुरुवात मुलाच्या डायबिटीसच्या डॉक्टरांपासून करा. पुढच्या वेळी जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: काय बदललं, कधीपासून, किती वेळा, मूल स्वतः काय म्हणालं. आणि डॉक्टरांना सांगा की मुलाशी थोडा वेळ एकट्याने बोला. बाराव्या वर्षाच्या आसपास असा वेगळा वेळ द्यावा, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. दाराबाहेर बसताना मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली ती मोकळी होऊन. आत काय बोलली ते मी आजवर विचारलेलं नाही.

मानसोपचाराचं नाव काढलं की आपल्याकडे एक वेगळीच अडचण येते. “याला ठाण्याला पाठवा” ही महाराष्ट्रभर चालणारी थट्टा आम्ही ठाणेकरांनी लहानपणापासून ऐकली आहे. तिचं मूळ इथल्या मनोरुग्णालयात आहे. १९०१ पासूनचं हे प्रादेशिक मनोरुग्णालय, आणि तिथे रोज येऊन तपासून घरी जाणारे लोकही आहेत, फक्त भरती झालेले नाहीत. मुलाने ती थट्टा शाळेत ऐकलेली असते हे ध्यानात ठेवा आणि आधी बोलून घ्या: “तुला वेडं कुणी म्हणत नाहीये. रोज एवढं सगळं करून मन दमलंय, त्याची माहिती असलेल्या माणसाकडे जातोय.”

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही तिथे भेटतात, आणि मराठी मुलांना भाषेची अडचण येत नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय अशा वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या ठिकाणी बालरोग आणि मानसोपचार एकाच छताखाली असतात. केसपेपर काढतानाच मानसोपचाराच्या ओपीडीचा वार विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही.

समुपदेशकाला टाइप वनची माहिती असेलच असं नाही. पहिल्याच भेटीत सांगा की हा प्रौढांचा डायबिटीस नाही, गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिन एक दिवसही बंद ठेवता येत नाही. नाहीतर मूल पहिली दोन सेशन्स त्यांनाच शिकवत बसेल आणि तिसऱ्याला येणार नाही.

शाळेचं थोडक्यात. वर्गशिक्षकांना लेखी द्या: लो कशी दिसते, तेव्हा काय द्यायचं, वर्गात बसून टोचायची परवानगी. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत टाइप वनच्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी सोबत ठेवू दिलं आहे. दुसरं बोर्ड असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेकडे अर्ज करा. क्लासला विसरू नका. एका क्लासमध्ये माझ्या लेकीला “हे बाहेर जाऊन कर, बाकीची मुलं बिचकतात” असं सांगितलं गेलं. तिने घरी ते चार महिने सांगितलं नाही. त्या चार महिन्यांतलं संध्याकाळचं इन्सुलिन कुठे गेलं होतं, ते मला नंतर उमगलं.

शिक्षक, क्रीडाशिक्षक, जवळची एक मैत्रीण, यांना मात्र मुलाला विचारूनच सांगा. कुणाला सांगायचं हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.

मदत सुरू झाली की कॅलेंडरवर तीन आठवड्यांनंतरची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी पुन्हा बघा. एचबीएवनसी आधी सुधारणार नाही, ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आमच्याकडे पहिला बदल वहीतच दिसला. एका मंगळवारी तिथे लाल पेनाने ३१२ लिहिलं होतं, आणि पुढे तिच्या तिरक्या अक्षरात: “दोन वडापाव. इन्सुलिन विसरले. आईला सांगितलं.”